कौटुंबिक सहलीत कॅसिनो असावा काय?

गोव्याची मांडवी, मुंबईची क्रूझ आणि महाराष्ट्राने रद्द केलेला १९७६ चा कायदा

सिहोरा, प्रतिनिधी : धानाचा हंगाम आटोपला, मुलांना सुट्या लागल्या की तुमसर तालुक्यातील या परिसरातूनही सहलींचे बेत आखले जातात. पूर्वी हे बेत रामटेक, पचमढी किंवा फार तर शिर्डीपर्यंत जात. आता नागपूरहून विमानाने वा रेल्वेने गोवा गाठणे मध्यमवर्गीय कुटुंबालाही अशक्य राहिलेले नाही. मात्र गोव्याच्या सहलीच्या माहितीपत्रकात मंदिरे, चर्च, किनारे यांच्याच रांगेत 'कॅसिनो क्रूझ' असाही एक शब्द असतो. आजी-आजोबा, आई-वडील आणि शाळकरी मुले अशा सहलीत हा शब्द कोणासाठी असतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

कौटुंबिक रिसॉर्ट आणि पर्यटन जहाजे यांवर कॅसिनोला परवानगी असावी की नसावी, हा वाद जगात जुना आहे. महाराष्ट्राने या वादात डिसेंबर २०२३ मध्ये 'नसावी' असा निर्णय नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात घेतला. शेजारच्या गोव्यात मात्र हा व्यवसाय तीन दशकांपासून कायदेशीर आहे. मुंबईच्या बंदरातून निघणाऱ्या क्रूझवरही कॅसिनोची सोय आलेली आहे. त्यामुळे राज्याने दार बंद केले तरी राज्यातील कुटुंबांपुढचा प्रश्न संपलेला नाही. या विषयाची कायदेशीर, आर्थिक आणि सामाजिक बाजू एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौतिसाव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याला स्वतःचा कायदा करण्याचा अधिकार आहे. ब्रिटिश राजवटीत १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा झाला. मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला आणि महाराष्ट्रात पोलिसांची जुगारविरोधी कारवाई आजही त्याच कायद्याखाली होते. दिवाळीनंतर भंडारा-गोंदिया भागात गावोगावी मंडई भरते. दंडार आणि खडी गंमत यांच्या आडोशाने कुठे झेंडीमुंडीचा फड बसतो, कुठे कोंबडबाजार भरतो आणि पोलिसांचा छापा पडतो, तो याच कायद्याच्या आधारे.

या कायद्यांना काही अपवाद आहेत. मुंबई आणि पुण्यातील घोड्यांच्या शर्यती परवान्याने चालतात. राज्य सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. ज्या खेळात कौशल्याचा भाग अधिक आहे तो जुगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. रमी आणि घोड्यांची शर्यत हे त्याचे ठळक दाखले होत. कॅसिनोतील रुलेट, स्लॉट मशिन, अंदर-बाहर यांसारखे खेळ मात्र निव्वळ नशिबाचे असल्याने या सवलतीत बसत नाहीत.

मूळ तत्त्व मुंबईच्याच एका खटल्यात ठरले. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला 'व्यापार' होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. कापड दुकानदार ज्या अधिकाराने आपले दुकान चालवितो, त्या अधिकाराने कोणी जुगाराचा अड्डा चालवू शकत नाही. सरकारने दिली तर ती परवानगी असते आणि परवानगीसोबत अटी घालण्याचा पूर्ण अधिकार सरकारला असतो. कॅसिनोच्या चर्चेत हा मुद्दा वारंवार विसरला जातो.

महाराष्ट्राचा न वापरलेला कायदा

महाराष्ट्रातही कॅसिनोला परवानगी देणारा कायदा होता, हे अनेकांना ठाऊक नसते. विधिमंडळाने १९७६ मध्ये महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा संमत केला. परवाने कसे द्यावेत, कर कसा आकारावा, याची तरतूद त्यात होती. मात्र कायदा अमलात येण्याची तारीख जाहीर करणारी अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. आणीबाणीच्या काळात जन्मलेला हा कायदा पुढे सत्तेचाळीस वर्षे कागदावरच राहिला.

दरम्यान तो अमलात आणावा, अशी मागणी अधूनमधून होत राहिली. पर्यटन वाढेल, महसूल मिळेल, गोव्याकडे जाणारा पैसा राज्यात राहील, असा युक्तिवाद केला जाई. कायदा संमत होऊनही तो लागू का होत नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही आला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात तसे विधेयक संमत झाले. त्यानंतर महाराष्ट्राच्या भूमीवर एखाद्या रिसॉर्टला कॅसिनोचा परवाना मिळण्याची कायदेशीर वाटच उरली नाही.

गोव्याचा अनुभव

योगायोग असा, की गोव्याचा मूळ कायदाही १९७६ चाच आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा हा खरे तर जुगाराला मनाई करणारा कायदा. १९९२ मध्ये त्यात १३-अ हे कलम घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनला परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजावर पत्ते, रुलेट अशा टेबलावरील खेळांची मुभा दिली. 'कॅराव्हेला' हे गोव्यातील पहिले तरंगते कॅसिनो म्हणून ओळखले जाते.

कायद्याच्या भाषेत ही जहाजे किनाऱ्यापासून दूर असणारी. प्रत्यक्षात ती पणजी शहराला लागून मांडवी नदीत नांगर टाकून उभी असतात. पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने काही मिनिटांत तेथे पोचता येते. रात्री नदीच्या पात्रात दिव्यांचा झगमगाट दिसतो आणि पर्यटकांच्या दृष्टीने तोही एक 'देखावा' होऊन बसला आहे. ही जहाजे मांडवीतून हलविण्याची आश्वासने वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी दिली, परंतु दर वेळी मुदतवाढ मिळत गेली. जुलै २०१७ मध्ये 'लकी सेव्हन' हे कॅसिनोसाठीचे जहाज पावसाळी समुद्रात मिरामारच्या किनाऱ्यावर रुतून बसले, तेव्हा सुरक्षिततेचा प्रश्नही पुढे आला.

गोव्याला हा व्यवसाय सोडणे अवघड का जाते, यामागे अर्थकारण आहे. परवाना शुल्क आणि कर यांतून राज्याच्या तिजोरीत मोठी रक्कम जमा होते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्यानंतर या उत्पन्नाचे महत्त्व आणखी वाढले. जहाजावरील कर्मचारी, टॅक्सीचालक, हॉटेले, वादक, स्वयंपाकी अशा अनेकांचे पोट त्यावर चालते. कॅसिनो बंद करा, असे म्हणणाऱ्यांना या लोकांचे काय, याचे उत्तर द्यावेच लागते.

तरीही गोव्याने स्वतःच्या नागरिकांबाबत वेगळी भूमिका घेतली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कॅसिनोतील प्रवेशावर बंधने आणण्यात आली. प्रत्यक्ष अंमलबजावणी रखडली, पण १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई असल्याचे सरकारने जाहीर केले. एकवीस वर्षांखालील व्यक्तींनाही खेळाच्या दालनात प्रवेश नाही. सिक्कीमनेही कॅसिनो सुरू केल्यानंतर स्थानिकांना मनाई केली. नेपाळमध्ये नेपाळी नागरिकांना कॅसिनोत खेळता येत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. जी सरकारे कॅसिनोतून पैसा मिळवितात, तीही आपल्या घरच्या माणसांना त्यापासून दूर ठेवू पाहतात. नियमाने तेथे जाऊ शकतात ती बाहेरची माणसे, म्हणजे नागपूर, पुणे, इंदूर, हैदराबादचे पर्यटक. गोव्यातील कुटुंबासाठी जे घातक मानले जाते, ते भंडाऱ्याच्या कुटुंबासाठी करमणूक कसे ठरते, हा प्रश्न या धोरणाने अनुत्तरित ठेवला आहे.

जहाजावरची मुलांची खोली

कॅसिनोच्या व्यवसायाने कुटुंब हे ग्राहक म्हणून हेरले, त्याला बराच काळ लोटला. अमेरिकेतील लास व्हेगास शहरात १९६८ मध्ये सर्कसच्या कल्पनेवर आधारित 'सर्कस सर्कस' हे कॅसिनो हॉटेल निघाले. १९९० मध्ये राजवाड्यासारखे 'एक्सकॅलिबर', १९९३ मध्ये चाच्यांच्या लढाईचा देखावा असलेले 'ट्रेझर आयलंड' आणि मनोरंजन उद्यानासह 'एमजीएम ग्रँड' सुरू झाले. मुलांना पाळणे आणि आई-वडिलांना टेबल, अशी ही विभागणी होती. दहा-बारा वर्षांत शहराने हे धोरण बरेचसे गुंडाळले. चाच्यांचा बालसुलभ देखावा जाऊन त्याजागी प्रौढांसाठीचा कार्यक्रम आला आणि मनोरंजन उद्यानही बंद झाले. कॅसिनोला हवे असते टेबलाशी तासन् तास बसणारे गिऱ्हाईक. दर अर्ध्या तासाने 'बाबा, चला ना' म्हणून हात ओढणारे मूल या हिशेबात बसत नाही.

गोव्यातील काही कॅसिनो जहाजांवरही मुलांसाठी खेळण्याची खोली असते. तेथे देखरेखीसाठी माणसे असतात, खेळणी असतात. वरवर पाहता ही सोय आहे. पण सहल कोणासाठी, असे विचारले तर या खोलीचा अर्थ बदलतो. कुटुंब एकत्र वेळ घालवावा म्हणून घराबाहेर पडते आणि जहाजावर चढताच मुले एका मजल्यावर, तर मोठी माणसे दुसऱ्या मजल्यावर जातात. प्रवेशाच्या पैशांत जेवण, गाण्यांचा कार्यक्रम आणि काही रकमेच्या चिप्स अशी एकत्रित योजना अनेकदा असते. फुकट मिळालेल्या चिप्स संपल्यावर खिशात हात जातो, यातच या योजनेचे यश आहे.

मुले खेळाच्या दालनात जात नसली तरी जुगार ही सणासुदीची, प्रतिष्ठेची, दिव्यांच्या झगमगाटातली गोष्ट आहे, हे ती पाहतच असतात. गावातल्या झेंडीमुंडीच्या फडाला निदान लपण्याची गरज वाटते आणि तो फड वाईट आहे हे गावातल्या मुलाला कोणी न सांगताही कळते. जहाजावरच्या फडाला स्वागतकक्ष असतो.

क्रूझ आणि खोल समुद्र

समुद्रपर्यटनाच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. भारताच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, देशाची प्रादेशिक सागरी हद्द असते. जहाज बंदरात असताना कॅसिनो बंद ठेवायचा आणि खोल समुद्रात गेल्यावर उघडायचा, ही जगभरातील क्रूझ कंपन्यांची सर्वसाधारण पद्धत आहे.

मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. हे जहाज पूर्वी 'रॉयल कॅरिबियन' या कंपनीकडे होते. त्यावर नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी वेगळे खेळघर यांबरोबर कॅसिनोही आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले असून २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे येत्या काळात अशा जहाजांवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढणार, हे उघड आहे.

कॅसिनोशिवाय क्रूझ चालतच नाही, असे या व्यवसायातील अनेक जण सांगतात. त्याला एक मोठा अपवाद आहे. मुलांच्या करमणुकीसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या डिस्ने कंपनीची जहाजे १९९८ पासून प्रवासी नेत आहेत आणि त्यांवर कॅसिनो नाही. या जहाजांची भाडी स्वस्त नाहीत, तरीही त्यांना प्रवासी मिळतात. कुटुंब हाच ग्राहक मानला तर जुगाराविना धंदा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. त्याची किंमत मात्र तिकिटात मोजावी लागते. कॅसिनो असलेल्या जहाजाचे तिकीट स्वस्त ठेवता येते, कारण उरलेली रक्कम टेबलावर वसूल होते.

डावाचे गणित

कॅसिनोत मालक लबाडी करीत असेल, अशी शंका अनेकांना असते. वस्तुतः लबाडीची गरजच नसते, कारण खेळाचे नियमच मालकाच्या बाजूने असतात. युरोपीय पद्धतीच्या रुलेटच्या चक्रावर १ ते ३६ आणि एक शून्य अशी ३७ घरे असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावून तो आला तर साडेतीन हजार रुपये आणि लावलेले शंभर परत मिळतात. ३७ डावांत सरासरी एकदा आकडा लागेल असे धरले, तर ३,७०० रुपये लावून ३,६०० रुपये हाती येतात. प्रत्येक शंभर रुपयांमागे सुमारे २ रुपये ७० पैसे मालकाकडे राहतात. अमेरिकी पद्धतीच्या चक्रावर दोन शून्ये असल्याने हा वाटा सुमारे ५ रुपये २६ पैसे होतो.

हा वाटा किरकोळ वाटतो. परंतु तो एकदाच नव्हे, तर प्रत्येक डावाला कापला जातो. तासाला चाळीस डाव आणि प्रत्येक डावाला पाचशे रुपये धरले, तर तासाभरात वीस हजार रुपये टेबलावर फिरतात. युरोपीय चक्रावर तासाला सरासरी ५४० रुपये, अमेरिकी चक्रावर सुमारे १,०५० रुपये जातात. एखादा जिंकतोही आणि त्याचीच गोष्ट गावभर होते. पाच वेळा लाल आल्यावर आता काळा येणारच, ही समजूतही चुकीची आहे. चक्राला मागचे डाव आठवत नाहीत.

याशिवाय कर आहेत. कॅसिनोवर ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, अधिक उपकर द्यावा लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्यातील तिसाव्या कलमाप्रमाणे निरर्थक ठरतो. त्यामुळे डावात जिंकलेले पैसे कोणी दिले नाहीत, तर ते वसूल करण्यासाठी न्यायालयाचे दार सहसा उघडत नाही.

सवय आणि आजार

बहुसंख्य लोक कॅसिनोत एकदा जातात, थोडे हरतात आणि विसरून जातात, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न थोड्यांचा आहे. पण त्या थोड्यांची घरे बुडतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये अनिवार जुगार हा मानसिक विकार म्हणून नोंदविला आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातही त्याची नोंद आहे. हरलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा खेळणे, घरात खोटे बोलणे, उसनवारी, दागिने गहाण ठेवणे ही त्याची ओळखीची लक्षणे. सभापर्वातील द्यूताची कथा घरोघरी सांगितली जाते, ती यासाठीच. धर्मराजाला फाशांचे नियम ठाऊक नव्हते असे नाही. उठून जाणे त्याला जमले नाही.

या संदर्भात दक्षिण कोरियाचे उदाहरण तुमसर तालुक्यातील वाचकांना जवळचे वाटेल. तेथील गँगवॉन प्रांतात कोळशाच्या खाणी बंद पडल्या. त्या भागाच्या पुनर्वसनासाठी १९९५ मध्ये खास कायदा झाला आणि २००० मध्ये 'गँगवॉन लँड' हा कॅसिनो सुरू झाला. कोरियाई नागरिकांना खेळता येईल असा तो त्या देशातील एकमेव कॅसिनो. पुढे तेथे बर्फावरील खेळांसह मोठे रिसॉर्टही उभे राहिले. रोजगार आला, रस्ते आले, त्याचबरोबर जवळच्या खाणकामगारांच्या गावात गहाणवटीच्या दुकानांची रांगही लागली. शेवटी महिन्यात पंधरा दिवसांहून अधिक प्रवेश नाही, असा नियम करावा लागला. आपल्याकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी सुरू आहेत. त्या कधी थांबल्या तर पर्यायी रोजगार कोणता, हा विचार येथेही एक दिवस करावा लागेल. तेव्हा हे उदाहरण आठवणीत असलेले बरे.

मधला मार्ग आहे काय?

पूर्ण बंदी आणि मोकळीक यांमधला मार्ग म्हणून सिंगापूरकडे बोट दाखविले जाते. २००५ मध्ये त्या देशाने कॅसिनोला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि २०१० मध्ये दोन भव्य रिसॉर्ट सुरू झाली. तेथे मत्स्यालय, मनोरंजन उद्यान, सभागृहे, दुकाने आहेत आणि कॅसिनो हा त्यातला एक वेगळा भाग आहे. सिंगापूरच्या नागरिकांना २४ तासांसाठी आधी १०० आणि एप्रिल २०१९ पासून १५० सिंगापुरी डॉलर प्रवेशशुल्क भरावे लागते. सर्वांत महत्त्वाची तरतूद कुटुंबाविषयी आहे. जुगारामुळे घराचे नुकसान होत असेल तर पत्नी, पती, आई-वडील किंवा मुले त्या व्यक्तीला कॅसिनोत प्रवेश देऊ नये असा आदेश मागू शकतात. कुटुंब या शब्दाला कायद्यात असे स्थान देणारे उदाहरण विरळा.

हे सर्व राबविण्यासाठी दारावर ओळखपत्र तपासणारी काटेकोर यंत्रणा, स्वतंत्र नियंत्रक आणि समुपदेशन केंद्रे लागतात. रहिवाशांवरील निर्बंध कायद्यात आल्यापासून प्रत्यक्ष मनाई जाहीर होईपर्यंत गोव्यात आठ वर्षे गेली. मेघालयाने २०२१ मध्ये कॅसिनोला वाट देणारा कायदा केला आणि जनतेच्या विरोधानंतर तो मागे घेतला. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत संमत करून घेतला. एकंदर कल कोठे आहे, हे यावरून दिसते.

परवानगीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे. स्वतःच्या कमाईतले पैसे कोठे घालवावेत, हे सरकारने का सांगावे? हा प्रश्न वाजवी आहे, आणि केवळ प्रौढांसाठी असलेल्या, तसे स्पष्ट सांगणाऱ्या जागेबाबत त्याचा विचार होऊ शकतो. कौटुंबिक सहलीत मात्र तो लागू होत नाही, कारण तेथे खर्च होणारा पैसा एकट्याचा नसतो आणि वेळही एकट्याचा नसतो. जी जागा स्वतःला 'कौटुंबिक' म्हणवून घेते, तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग कुटुंबातील एक माणूस इतरांपासून दूर किती वेळ बसतो यावर अवलंबून असेल, तर त्या नावाला अर्थ उरत नाही. दोन्हीपैकी एकाची निवड करावी, एवढी अपेक्षा तरी अशा जागांकडून ठेवता येते.

आरक्षण करण्यापूर्वी

सहलीला निघणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. जहाज किंवा रिसॉर्टवर कॅसिनो आहे काय आणि त्याचे दालन जेवणाच्या व मुलांच्या जागेपासून वेगळे आहे काय? सहलीच्या रकमेत चिप्सचे पैसे धरलेले आहेत काय आणि ते वगळून रक्कम कमी होते काय? मोठी माणसे कॅसिनोत असताना मुलांची जबाबदारी कोणाची? जहाजावर खर्चासाठी एकच कार्ड असेल तर कॅसिनोतील खर्चही त्याच खात्यात जातो काय? जाणारच असाल तर रोख रक्कम आधी ठरवून घ्यावी, बँकेचे कार्ड खोलीत ठेवावे आणि निघण्याची वेळ घरच्यांना सांगून ठेवावी. घरातील कोणाला जुगाराची सवय सुटत नसेल, तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळू शकतो.

सिहोऱ्यापासून चांदपूरचा जलाशय जवळ आहे. टेकडीवर हनुमानाचे मंदिर, खाली पाणी, भोवती रान. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाची योजना आखण्यात आली आहे. उद्या या पाण्यावरही पर्यटकांच्या बोटी फिरतील. त्या बोटींवर कॅसिनो येणार नाही, हे कायद्याने ठरले आहे. मग कुटुंबाने तेथे दिवसभर का थांबावे, याचे उत्तर मात्र अजून द्यायचे आहे. स्वच्छ स्वच्छतागृहे, सुरक्षित बोटी, सावलीत बसण्याची जागा, ढिवर बांधवांच्या हातची ताजी मासळी, संध्याकाळी दंडारीचा एखादा खेळ एवढी सोय झाली तरी सहल घडते. कॅसिनोला 'नाही' म्हणणाऱ्या राज्याने एवढे तरी करून दाखविणे क्रमप्राप्त आहे.